झऱ्याला लावलेला बार

आबा,

तुम्हाला मी दरवर्षी एकदा ठार मारत आले. नववीच्या वर्गात, दिवाळीच्या सुट्टीनंतर, परिसंस्थेचा धडा आला की. फळ्यावर प्रकार लिहून व्हायचे: जंगल, गवताळ माळ, गोडं पाणी, वाळवंट, समुद्र. पोरं माना खाली घालून उतरवून घ्यायची, कारण ‘प्रकार सांगून महत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. मग मी खडू ठेवायची, हात झटकायची आणि म्हणायची, “डोंगरातल्या एका गावात एक माणूस होता. त्यानं झऱ्याला सुरुंग लावला.” लगेच सगळ्या माना वर. सुरुंग म्हटलं की शेवटच्या बाकावरचाही जागा होतो. गोष्ट संपली की कुणीतरी विचारणारच, “बाई, त्या माणसाचं काय झालं?” मी सांगायची, “त्याच सुरुंगात मेला.” पोरांचं समाधान व्हायचं. पाणी गेलं, वाईट माणूस मेला, घंटा झाली. तुम्ही त्यानंतर पुष्कळ वर्षं जगलात आणि माझ्या हातची भाकरी खाल्लीत, हे वर्गाला सांगायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

आता मी निवृत्त झाले, त्यामुळे तुम्हाला मारायची सोय राहिली नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही पलटणीत होता तेव्हाही तुम्हाला पत्र लिहायचं काम माझंच होतं. आई चुलीपुढे बसून सांगायची आणि मी दाराच्या उजेडात मांडीवर पाटी, पाटीवर कागद ठेवून लिहायची. इकडे सर्व ठीक आहे, आपली खुशाली कळवावी. म्हैस मेली तरी सर्व ठीक, घराची भिंत पडली तरी सर्व ठीक. आई म्हणायची, “त्येंच्या हातात बंदूक हाय, डोस्क्यात काळजी नगं.” तसलं गुळमुळीत आज काही लिहीत नाही.

तुमची पलटण पूल बांधणारी आणि पूल उडवणारी. बांधलेल्या पुलांबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, उडवलेल्यांची गोष्ट मात्र जेवायला बसलं की व्हायचीच. पेन्शन घेऊन आलात ते घरी न थांबता आम्हाला घेऊन थेट तासगावकडे, कारण बहात्तरच्या दुष्काळात तिथं जो तो विहिरीचा तळ गाठत होता. द्राक्षाचे मांडव नुकते कुठे उभे राहायला लागले होते आणि विहिरी कोरड्या पडल्या होत्या. तुमची गड्यांची टोळी विहिरीत उतरायची. पहारीनं खडकात भोक पाडायचं, त्यात जिलेटीनची कांडी सारायची, वात बाहेर सोडून वरून माती ठासायची, आणि सगळ्यांना लांब पिटाळून वात पेटवायची. बार उडाला की छातीत धक्का बसायचा आणि आपल्या पत्र्याच्या खोलीतली भांडी फळीवरून खाली यायची. खडक फुटून झरा उघडला तर तुमच्या गळ्यात हार. ‘फौजीच्या हाताला पानी हाय’ असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मी स्वतः विहिरीच्या काठावर पालथी पडून ते खालचं पाणी चढताना पाहिलंय. तेव्हा तुमच्याएवढा मोठा माणूस मला जगात कुणी वाटत नव्हता.

आपण माळावर राहायचो. तुम्ही आणि बागायतदार त्याला पडीक म्हणायचात. मला मात्र दाराबाहेर पडलं की कशावर तरी पाय पडेल अशी भीती वाटायची, इतका तो माळ भरलेला होता. गवतात टिटवीची अंडी, ससे, तित्तर, दिवस कलला की खोकडाचं केकाटणं, आणि कधीमधी लांब उभा राहून आपल्याकडे बघणारा लांडगा. एकदा लांडग्यानं विहिरीच्या मालकाचं करडू नेलं. मालक तुम्हाला म्हणाला, “फौजी, तुमच्याकडं दारू हाय की. मग बगत काय बसलाय?” ओघळीच्या काठाला लांडग्यांचं बीळ होतं. तुम्ही त्यात अर्धी कांडी सारलीत. मी मागोमाग आलेय हे तुम्हाला उशिरा दिसलं. माती वर गेली आणि मातीबरोबर पिल्लं खाली आली. एक अजून हलत होतं, त्याला मागचे पाय नव्हते. तुम्ही त्याच्या मानेवर बूट ठेवलात. मी रडायला लागले तशी माझ्या कानाखाली वाजवलीत आणि म्हणालात, “रडतीस काय? लांडगा हाय त्यो, तुजा मामा न्हाई.” नंतर मादी भर दिवसा त्या खड्ड्याभोवती फिरायला लागली, माणसांना न भिता. तिलाही लोकांनी दगडांनी ठेचलं. पुढच्या सुगीला त्याच मालकाच्या भुईमुगात उंदरांनी असा धुमाकूळ घातला की तो सांगलीला विष आणायला पळाला. त्या विषानं उंदीर थोडे आणि त्याची कुत्री जास्त मेली.

येरळेचं पात्र तेव्हा ठणठणीत कोरडं होतं. एकच डोह उरला होता, आणि नदीत जे काही जिवंत होतं ते सगळं त्या डोहात येऊन दाटीनं जीव धरून होतं. तुमच्या गड्यांना मासे खायची इच्छा झाली. तुम्ही कांडी दगडाला बांधून, वात पेटवून डोहात फेकलीत. पाणी फुगलं, फुटलं आणि मग पांढरी पोटं वर यायला लागली. मरळ, वाम, बोटाएवढी पोरंबाळं, सगळी. घमेल्यांनी भरून नेली तरी नेली त्याहून जास्त तिथंच कुजली. जनावरं त्या पाण्याला तोंड लावेनात. पुढं पाऊस होऊन नदी वाहिली, पण त्या टप्प्यात कितीतरी वर्षं मासा दिसला नाही, कारण बी उरलं नव्हतं. वर्गात ‘गोड्या पाण्याची परिसंस्था’ असं म्हणताना मला तो वास यायचा. वाळवंट आणि समुद्र तेवढे तुमच्या तावडीतून सुटले, तेही आपल्या सातारा-सांगलीकडे नाहीत म्हणून.

पण माझं तुमच्याशी खरं भांडण आहे ते आईच्या माहेरच्या रानावरून. मेढ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत तिचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर देवीचं रान. बाकी डोंगर दरसाल वणव्यात जळायचा, लोक चुलीला लाकूड तोडायचे, पण त्या रानाला हात नाही. तिथं लोखंड न्यायचं नाही असा दंडक होता. कोयता, विळा, कुऱ्हाड, बायकांच्या केसांतला काटासुद्धा बाहेरच्या दगडावर काढून ठेवायची आणि अनवाणी आत शिरायचं. मोडून पडलेलं झाडही पडल्या जागी कुजायचं. आत शिरलं की पाय पाचोळ्यात घोट्याच्या वर जायचे आणि दुपारीही अंगावर शहारा यायचा. मांडीएवढे जाड गारंबीचे वेल, वर शेकरांची घरटी, आणि मधोमध देवीचा तांदळा, शेंदूर फासलेला बिनघडीव दगड. त्याच्या पायाशी खडकाच्या फटीतून झरा यायचा, तो दगडी डोणीत पडायचा, डोणीतून ओढ्यात, ओढ्यातून गावात. सगळं गाव त्यावर होतं. माणसं, गुरं, भाताची खाचरं, सगळं. रान पावसाळाभर पाणी पोटात घ्यायचं आणि वर्षभर थोडंथोडं सोडायचं. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तिथल्या बायकांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांना एवढंच माहीत होतं की तिथं लोखंड न्यायचं नाही.

दुष्काळात तो झराही बारीक झाला. हंडा भरायला बायका डोणीपाशी सकाळपासून बसून राहायच्या. मग मामा आपल्याकडे माळावर आला. देवीची पूजा त्याच्याकडे होती, आणि बहिणीच्या नवऱ्याचा त्याला भारी अभिमान. जेवता जेवता तो म्हणाला, “दाजी, तुमच्या हातानं ह्या उजाड माळावर पानी निगतं. मग आमच्या झऱ्याला का न्हाई निगायचं? वाईच मोकळा करून द्या की.” तुम्ही घास हातात धरून हसलात. “झरा फोडायचा म्हंजी काय, दोन बारांचं काम.” आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. ती म्हणाली, “आवं, त्या रानात काटा नेत न्हाईत, आन् तुमी पहार नेनार व्हय?” तुम्ही म्हणालात, “देवीला इचारून नेऊ. तिनं नगं म्हनलं तर न्हाई न्यायाची.”

आणि गावानं देवीला विचारलंही. मी आईचा पदर धरून तिथं उभी होते. मामानं तांदळ्याला दोन्ही बाजूंनी ओली फुलं लावली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, “आई, तुजं पानी आटलंय. ते वाढवायचं मनात हाय. वाढवू का? व्हय म्हनत असशील तर उजवं दे.” सगळे श्वास धरून. उजवं फूल पडलं. तुम्ही टाळी वाजवलीत. आई मात्र माझा हात आवळून पुटपुटली, “इचारलं काय, त्ये बगा की. पानी वाढवू का म्हनल्यावर कोन न्हाई म्हनंल? सुरुंगाचं कुटं इचारलं?” तिचं कुणी ऐकलं नाही. विहिरीत खडक फुटला की पाणी वाढतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. तेच झऱ्याला लागू पडेल असं तुम्ही धरलंत, गावानं धरलं, आणि वर देवीनंही होकार दिला. विहीर म्हणजे खाली जाऊन पाणी गाठणं. झरा म्हणजे वर साठलेलं पाणी बेताबेतानं खाली येणं. रांजणाची तोटी मोठी करायला म्हणून तुम्ही रांजणाच्या बुडाला पहार लावलीत. हे एवढं साधं आहे की नववीतल्या पोरांना फळ्यावर चित्र काढून कळतं. तुम्हाला ते सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं, हे मी मान्य करते.

पहिला बार उडाला तेव्हा रानातली सगळी पाखरं एकदम वर उठली आणि किती वेळ खाली बसायला तयार नव्हती. आम्ही समोरच्या टेपाडावर होतो. धूर विरायच्या आत पाण्याचा आवाज आला. लोंढाच आला, आबा. गढूळ, मांडीएवढ्या जाडीचा. डोणीच्या वरून उड्या मारत तो ओढ्यात गेला. बायका रडायला लागल्या, मामानं तुम्हाला खांद्यावर घेतलं, कुणी गुलाल आणला. खाचरं भरली, गुरं पोट फुटेस्तोवर प्याली, पोरं ओढ्यात दिवसभर नागडी. तुम्ही मिशीला पीळ देत पारावर बसला होता आणि मी तुमच्या मांडीला टेकून. इतका अभिमान मला पुन्हा कधीच कुणाचा वाटला नाही. मग तो लोंढा हाताएवढा झाला, मग करंगळीएवढा, आणि आठवडा झाला नसेल, तोवर डोण कोरडी पडली. फटीत हात घातला तर हाताला ओलसुद्धा लागेना. तिथं खडकात खाली जाणारी एक नवी, काळी, बोटभर रुंद भेग दिसत होती.

नंतरचे दिवस मला कुणी विचारले तर मी अजूनही नीट सांगू शकत नाही. ज्यांनी गुलाल उधळला त्यांनीच दगड घेतले. पहिला दगड तुमच्या खांद्याला लागला, दुसरा आईच्या कपाळाला. मामा मधे पडला तर त्याला लोकांनी बुकललं, कारण तुम्हाला आणणारा तोच. आईनं पदरानं रक्त पुसलं आणि म्हणाली, “चला आता हितनं. लय झालं.” तुम्ही तिच्या माहेरच्या माणसांसमोर तिच्या मुस्काटात मारलीत. “मी आनलेलं पानी हाय. कुटं जातंय त्ये? खाली सरकलंय. अजून एक हात खाली गेलो की घावंल.” माळावर असं होतं, हे खरं. झरा सरकला की तुम्ही पुन्हा बार भरायचा आणि तो सापडायचा. हार मानणं तुम्हाला पलटणीत शिकवलं नव्हतं आणि घरात शिकवण्याची कुणाची ताकद नव्हती.

सकाळ होती. गावाला जाग आली ती रानातून येणाऱ्या पहारीच्या आवाजानं. लोखंडावर दगड नाही, दगडावर लोखंड, ठण ठण ठण. मामा उठून तसाच पळत सुटला. मागून गाव, गावामागून आई आणि मी. आम्ही रानाच्या तोंडाशी पोचलो आणि तुम्ही वाती पेटवून बाहेर येत होता. तुम्ही दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलंत. एक बार उडाला. दुसरा उडाला. माती, फांद्या, आणि एक शेकरू आमच्या पुढ्यात येऊन आपटलं. मग सगळं शांत. मामानं ओरडून विचारलं, “झालं का समाधान? आता माजी देवी तरी बाहीर काडू द्या!” आणि तो आत शिरायला लागला. तुम्ही त्याच्या दंडाला धरलंत. “थांब! तिसरा हाय! मुका बार हाय, अजून उडला न्हाई, जाऊ नगंस!” मुका बार म्हणजे काय ते माळावरच्या पोरालाही माहीत असतं. वात आत धुमसत असते आणि जो बघायला जातो त्याला ती खाते. पण मामा माळावरचा नव्हता. त्याला वाटलं, तुम्ही त्याला पुन्हा अडवताय. त्यानं तुमच्या छातीत दोन्ही हातांनी रेटा दिला, तुम्ही पडलात, आणि तो आत गेला.

इथून पुढचं मी वर्गात कधी सांगितलं नाही. तुम्ही उठलात आणि त्याच्या मागं धावलात. सगळ्या गावात त्या तिसऱ्या बाराची खरी ओळख एकट्या तुम्हाला होती, आणि तरी तुम्ही धावलात. पलटणीतल्या सगळ्या शिस्तीच्या विरुद्ध, एवढं मला तुमच्याच जेवतानाच्या गोष्टींवरून माहीत होतं. पाचोळ्यात तुमची पावलं वाजलेली मी ऐकली. “गड्या, माघारी फिर रं!” हे तुमचं ओरडणंही ऐकलं. मग बार उडाला.

मामाचं जे खाली आणलं ते एका घोंगडीत मावलं. मामीनं ती घोंगडी कुणाला उघडू दिली नाही. तुमचा उजवा हात मनगटापासून गेला होता आणि दोन्ही कानांतून रक्त येत होतं. तुम्हाला बैलगाडीत घालून मेढ्याला आणि तिथून गाडीनं साताऱ्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या लुगड्याच्या एका बाजूला तुमचं रक्त होतं, दुसऱ्या बाजूला भावाचं. ती रडली नाही. तुम्ही शुद्धीवर आल्यावर पहिलं जे विचारलंत ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं, कारण तुमचा आवाज तेव्हापासून मोठाच झाला. “पानी आलं का?”

त्यानंतर आई तुमच्याशी बोलली नाही. आणि तुम्ही बहिरे, त्यामुळे तुम्हाला ते कधी कळलंच नाही. तुम्हाला वाटायचं, बोलत असेल, आपल्यालाच ऐकू येत नाही. ती तुम्हाला भरवायची, तुमच्या सदऱ्याची बटणं लावायची, आणि मुकाट. मला हसू येतं कधीकधी, आबा, खरंच येतं, आणि मग बराच वेळ बसून राहावं लागतं.

आपण माधवनगरला आलो. गिरणीच्या फाटकावर तुम्हाला रखवालदाराचं काम मिळालं. मागांच्या खडखडाटात माणसं आपोआप बहिरी होतात, तिथं आधीच बहिरा असलेला माणूस खपून गेला. तिकडे रानाचं काय झालं ते मामीकडून कळायचं. पाणी नाही तर ओल नाही, ओल नाही तर वरची जांभळं शेंड्याकडून वाळायला लागली. पण झाडं वाळण्याआधीच माणसं आत शिरली. एकदा पहार आत गेलीच होती, मग कोयता गेला, मग कुऱ्हाड गेली. देवीनं कुणाला काही केलं नाही, आणि जे काही करायचं होतं ते तुम्ही करून बसला होता, मग भ्यायचं कुणाला? काही वर्षांत तिथं कोळशाच्या भट्ट्या लागल्या. पाचोळा वणव्यात गेला, माती पहिल्या वळवाला ओढ्यात गेली, ओढा गाळानं भरला आणि खाचरांवर दगडगोटे आले. पोरं मुंबईच्या वाटेला लागली. महत्त्व स्पष्ट करा म्हणतात ना, ते हे. एक गाव उठून गेलं. पुस्तकात ते दोन ओळींत येतं, आणि मी त्या दोन ओळी पोरांकडून पाठ करून घ्यायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला घेऊन तिकडे जायचा. गावातून नाही, गावात तुम्हाला कुणी उभं केलं नसतं. खालच्या अंगानं, ओढ्याच्या घळीतून चोरासारखे आपण चढायचो. “पानी मरत न्हाई,” तुम्ही सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडायचा, “कुटंतरी वाट काडलीया त्येनं. ती घावली की मी गावाला दावीन.” मग एखादा खडक निवडायचा, डाव्या हातानं माझं डोकं धरून त्यावर दाबायचा. दगड तापलेला, गालाला चटका बसायचा. “ऐक. वाजतंय का?” मी ऐकायची आणि नाही म्हणून मान हलवायची. पुढचा खडक. “वाजतंय का?” पुन्हा मान. तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस तोंडच वाचणार. आणि माझ्या तोंडावर तुम्हाला राग दिसायचा, तो होताच. एकदा तुम्ही डाव्या हाताची सणसणीत लगावलीत. “खोटं बोलतीस! तुज्या आईगत करतीस! येतंय तुला ऐकू, आन् सांगत न्हाईस!” मी तेव्हा कॉलेजच्या वयाची होते. तुम्हाला त्या घळीत ढकलून द्यावं असं मला वाटलं होतं. ओठातून रक्त येत होतं आणि मी पुढच्या खडकाला कान लावला.

तुम्ही गेलात तेही ऐन उन्हाळ्यातच. आई उशाशी, मी पायाशी. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघून नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलंत, “वाजत हुतं, न्हवं?” मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आईनं तुमच्या तोंडात पाणी घातलं, ते निम्मं बाहेर आलं.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले. एकटीच. गुडघे साथ देत नाहीत, तरी बसत उठत त्या घळीतून चढले. वरचं रान म्हणजे आता टणटणी आणि काटेरी झुडपं. तांदळा तसाच आहे, डोण पालथी पडलीय, आणि ती भेग मातीनं बुजलीय. येताना आपल्या ओळखीचा एक खडक दिसला. इकडेतिकडे कुणी नाही असं बघितलं आणि कान लावला. काही नाही. मग लक्षात आलं की मी उजवा कान लावलाय, आणि त्या कानानं मला हल्ली फोनसुद्धा नीट ऐकू येत नाही. म्हणून डावा लावला. त्याचाही आता भरवसा नाही. आत पाणीच नाही की मला ऐकू येत नाही, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं. मी तशीच गालाला चटके खात बसले, आणि तुम्ही मला दरवर्षी कशाला ओढत नेत होता ते मला तिथं कळलं.

हे पत्र कुठं टाकायचं? तुमच्या पलटणीचा पत्ता अजून पाठ आहे, पण तिथं आता तुम्हाला ओळखणारं कोण असणार. लिहून झालं की घडी घालून शिवणाच्या डब्यात ठेवीन.

तुम्ही जे केलंत त्याची माफी माझ्याकडे नाही. ती मामीकडे होती, ती न देता गेली. मामासाठी, आईच्या कपाळासाठी आणि त्या मागचे पाय नसलेल्या पिल्लासाठी मी तुम्हाला वर्गात मारलं, आणि अजून शाळेत असते तर यंदाही मारलं असतं. पण तुम्ही जाताना एक चुकीची गोष्ट मनात घेऊन गेलात. मी रागानं मान हलवते असं तुम्हाला वाटत राहिलं. राग होता, आबा, पण खडक वाजत नव्हता. मी प्रत्येक खडकाला श्वास धरून ऐकत होते, ओठ फुटला होता तेव्हासुद्धा, आणि वाजू दे, वाजू दे म्हणत होते. वाजला असता तर तुमचा राहिलेला हात धरून तुम्हाला तिथं ओढत नेलं असतं, आणि तुम्हाला ऐकू येईपर्यंत ओरडले असते.